रोजचे सात लिटर

गोठ्यात पाऊल टाकल्यावर तपासनीस बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, की यातल्या कामावर किती आहेत. मी विचारलं, माणसं धरून की नुसत्या गाई? त्या म्हणाल्या, आधी गाई.

मग मी मोजून सांगितलं. एकूण बावीस. त्यातल्या चौदा दुभत्या. चार आटलेल्या, पोटात वासरू आहे, म्हणजे रजेवर. तीन कालवडी, त्या अजून शिकाऊ. आणि कोपऱ्यातली पांढरी निवृत्त. चार वर्षं तिनं थेंब दिलेला नाही, पण वैरण पडली की गव्हाणीवर पहिलं तोंड तिचंच. बाईंनी हे सगळं वहीत उतरवलं आणि पांढरीकडे बघून विचारलं, हिची पेन्शन रोजची किती. मी म्हटलं, कामावर असलेल्यांच्या पगाराइतकीच. तिथंच आमचं जमलं.

बाई का आल्या होत्या, ते सांगतो. गोठा माझ्या थोरल्या भावाचा. तो गेल्यावर त्याच्या दोन्ही मुलांच्या नावावर अर्धा अर्धा झाला. मुलगा शहरात पुलांचे नकाशे काढतो. मुलगी गोठा चालवते. मी सकाळचं दूध घरोघर पोहोचवतो, भावाच्या वेळेपासून. आता झालं असं, की एका मोठ्या दूध कंपनीनं गाई, जागा, मशीन सगळं एकदम विकत घेण्याची तयारी दाखवली. पुतण्या काही वाईट मनाचा नाही. त्याचं म्हणणं एवढंच, की ताई नऊ वर्षं पहाटे चारला उठते आहे, तिच्या हातात राहतं काय? पुतणी म्हणाली, राहतं की. त्यानं विचारलं, किती? तिला सांगता येईना.

मग दोघांत ठरलं. बाहेरचा माणूस आणायचा, महिनाभर सगळं तपासायचं. प्रत्येकाला त्याच्या कामाचा पूर्ण पगार धरून गोठा स्वतःच्या पायावर उभा राहत असेल, तर विकायचा विषय परत काढायचा नाही. राहत नसेल, तर तिनंही सही करायची. तीस तारखेला निकाल. पुतणी हट्टी, तिनं लगेच हात पुढे केला. भाऊ शहराला परतल्यावर मात्र पेंडीच्या पोत्यावर येऊन बसली आणि चप्पल काढून तळवा चोळत राहिली.

"काका, मी हात दिला खरा," ती म्हणाली, "पण मला खरंच माहीत नाही हो."

मी म्हटलं, नसेल माहीत तर कळेल. ती तेरा वर्षांची असल्यापासून या गोठ्यात आहे. गाय रात्री कुठल्या कुशीवर झोपली हे तिला सकाळी शेपटी बघून कळतं. दुसरं काही तिनं केलं नसतं असं नाही, पण तिला करायचं नव्हतं.

तपासनीस बाई चाळिशीच्या, बारीक, आवाज हळू. पायात स्वतःचे रबरी बूट घालून आल्या होत्या, त्यावरून मी ओळखलं की गोठे बघितलेल्या आहेत. दूध थंड करायच्या टाकीशेजारी जी खोली आहे, जिथं आम्ही कॅन धुतो, तिथल्या टेबलावर त्यांनी वह्या मांडल्या. पुतणीनं चार वर्षांच्या पावत्या एका जुन्या बादलीतून आणून दिल्या. बाई बादलीकडे बघून म्हणाल्या, बरं आहे, निदान तळ आहे.

आकडे मोठे होऊ लागले की माझं डोकं गरगरतं. अक्षरं मी उशिरा शिकलो, आकडे त्याहून उशिरा. मी बाईंना म्हटलं, मला दुधात सांगा. त्यांनी थोडा विचार केला आणि खरंच सगळा हिशेब दुधात मांडला. वैरण आणि पेंड रोज ब्याण्णव लिटर. डॉक्टर आणि औषधं सहा. वीज, पाणी, डागडुजी अकरा. माझा टेम्पो आठ लिटर पितो. म्हातारं होणारं मशीन आणि म्हाताऱ्या होणाऱ्या गाई यांच्या जागी नवीन आणायला रोज आठ लिटर बाजूला. धारेच्या माणसाचा पगार सोळा लिटर. इथवर ठीक होतं. पुढे त्यांनी लिहिलं, मालकीण बावीस लिटर, काका चौदा लिटर.

मी म्हटलं, बाई, हे चुकलं. घरच्या माणसाला कसला पगार?

"उद्या तुमचा गुडघा धरला, तर दूध कोण पोहोचवेल?"

"कुणीतरी भाड्यानं बघू."

"तो फुकट येईल?"

पुतणी तिकडे कॅन घासत होती, तिनं मान वर केली नाही, पण घासणं थांबलं. नऊ वर्षांत तिनं स्वतःला एक छदाम लावून घेतला नव्हता. शिल्लक राहिलं ते घरखर्चाला, नाही राहिलं तर काटकसर, असा तिचा कारभार. तो हिशेब नव्हता, नुसतं श्वास रोखून धरणं होतं. बाई म्हणाल्या, ज्या धंद्यात घरचे फुकट राबतात, तो धंदा नफ्यात आहे की घरचे तोट्यात, हे कधीच कळत नाही. मी ते वाक्य दोन दिवस चघळत होतो, रवंथ केल्यासारखं.

सगळी बेरीज झाली एकशे सत्त्याहत्तर लिटर. विक्री किती? माझ्या वहीप्रमाणे चौऱ्याऐंशी घरांना एकशे दहा, बेकरीला चाळीस, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला तेवीस. एकूण एकशे त्र्याहत्तर. म्हणजे रोज चार लिटरची खोट. पुतणीचा चेहरा उतरला. चार लिटर म्हणजे काही डोंगर नाही, पण खोट ती खोट. सहीला तेवढी पुरे.

मग बाईंनी विचारलं, गाई रोज किती देतात? पुतणी म्हणाली, एकशे त्र्याहत्तरच की. बाई म्हणाल्या, ते तुम्ही विकता ते झालं. गाई किती देतात?

इतक्या वर्षांत आम्ही ते कधी मोजलंच नव्हतं. दूध निघतं, टाकीत जातं, टाकीतून कॅनमध्ये, कॅनमधून घरोघर. विकलेलं लिहायचं, बस्स. गाईला पावती कोण मागतो?

सात दिवस बाईंनी प्रत्येक धार वजन करून घेतली. रोजचं सरासरी दूध निघालं एकशे ऐंशी लिटर. कालवडींच्या तोंडी काही नाही, वासरांचं वेगळं काढलेलं, घरातलं वेगळं काढलेलं. तरी एकशे ऐंशी आत येतात आणि एकशे त्र्याहत्तर विकले जातात. रोजचे सात लिटर दूध वाटेत कुठेतरी नाहीसं होत होतं.

चार लिटरची खोट आणि सात लिटरची गळती. गळती सापडली तर गोठा वाचला, हे लहान पोरालाही कळावं. आता ती शोधायची कुठे?

धार काढायला आमच्याकडे एक जण आहे, त्याला सगळे शिट्टी म्हणतात. मशीन लावताना, काढताना, धुताना तो शिट्टी वाजवत असतो, आणि गाईंना ती इतकी अंगवळणी पडली आहे की तो गोठ्याच्या दारात आला की त्या पान्हवतात. टाकीपाशी त्याच्याशिवाय कुणी नसतं. पुतणी काही बोलली नाही. तिनं फक्त धार झाल्यावर तिथं उभं राहायला सुरुवात केली. कॅनची झाकणं मोजायची, टाकीच्या काचेवरची रेघ बघायची. बोलली असती तर बरं, असं ते बघणं होतं.

तिसऱ्या दिवशी शिट्टी वाजायची बंद झाली. चौथ्या दिवशी दूध नऊ लिटरनं कमी आलं. पाचव्या दिवशी तो माझ्याकडे आला, हातातला फडका पिळत.

"काका, ताईंना सांगा, मला सरळ विचारा. बघू नका असं. गाईसुद्धा वळून बघायला लागल्या आहेत माझ्याकडे."

मी त्याला म्हटलं, तू मनावर घेऊ नकोस, नुसती तपासणी चालली आहे. पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात पाल चुकचुकली होतीच. दोन वर्षांपूर्वी त्याच्या घरी जुळी झाली होती. जुळ्यांना दूध लागतंच. हे असलं मी मनात आणलं, आणि माझ्या वयाच्या माणसाला ते शोभलं नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.

बाई मात्र कुणाकडेच संशयानं बघत नव्हत्या. त्या म्हणाल्या, गोठा ते टाकी मोजून झालं, टाकी ते कॅन मोजून झालं, दोन्हीकडे थेंब हलत नाही. आता कॅन ते दार राहिलं. काका, उद्या मी तुमच्या टेम्पोत बसते.

मी म्हटलं, बसा की. मला गंमत वाटली. तीस वर्षांत माझ्या शेजारच्या सीटवर रिकाम्या कॅनशिवाय कुणी बसलं नव्हतं.

पहाटे निघालो. पहिलं दार शिवणकाम करणाऱ्या बाईंचं. त्यांनी पातेलं पुढे धरलं. मी लिटरचं माप भरून ओतलं, मग माप परत कॅनमध्ये बुडवून थोडं वर घातलं, नमस्कार केला, पुढे निघालो. दुसरं दार शाळेतल्या गुरुजींचं. दोन लिटर, आणि वर थोडं. तिसरं दार पोस्टमनच्या आईचं, तिला ऐकू कमी येतं, तिला थोडं जास्त वर. बाई मागून येत होत्या आणि वहीत उभ्या रेघा मारत होत्या. मला वाटलं घरं मोजत असतील. विसाव्या दाराला त्यांनी मला थांबवलं, वरचं दूध आधी आपल्या पेल्यात घ्यायला लावलं, पेल्यावरच्या खुणा बघितल्या आणि मग ते गिऱ्हाइकाच्या पातेल्यात ओतलं. असं त्यांनी बारा दारांना केलं. शिकलेली माणसं काय काय मोजतात.

परत येताना, शेवटच्या वळणावर, त्या म्हणाल्या, "काका, ते जे तुम्ही वर घालता, ते कुठे लिहिता?"

"ते कुठे लिहायचं? ते काही विकलेलं नाही."

"मग ते काय आहे?"

माप भरलं की वर थोडं घालायचं, हे मला भावानं शिकवलं, भावाला वडिलांनी. नुसतं माप ओतून वळणं म्हणजे दारातून पाठ फिरवण्यासारखं. मी म्हटलं, ती आमची रीत आहे.

"तुमची रीत दिवसाला सात लिटरला दोन चमचे कमी आहे," त्या म्हणाल्या.

टेम्पो मी रस्त्याच्या कडेला उभा केला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा माझ्याच काखेत होता. चोर पकडायला निघालेलो मी, आणि चोरही मीच, तोही स्वतःच्याच घरातला, आणि वर सगळ्यांच्या देखत. मला आधी लाज वाटली, मग हसू आलं, मग बाईही हसल्या. इतकं हसलो की मागच्या रिकाम्या कॅनची झाकणं वाजली.

गोठ्यावर पोहोचल्यावर पहिलं काम केलं ते शिट्टीला शोधायचं. तो शेण भरत होता. मी त्याला सगळं सांगितलं, जुळ्यांचं मनात आणलं तेसुद्धा. तो फावडं टेकवून उभा राहिला. म्हणाला, काका, माझी पोरं बकरीचं पितात, त्यांना गाईचं पचत नाही. तेवढ्यात पुतणी आली. तिनं माफी मागितली नाही, ती तिच्या जिभेवर येतच नाही. तिनं त्याच्या हातातलं फावडं घेतलं आणि राहिलेलं शेण स्वतः भरलं. त्यानं ते भरू दिलं. संध्याकाळी शिट्टी वाजली आणि पान्हा परत जागेवर आला.

आता उपाय सोपा होता. वर घालायचं बंद. सात लिटर परत आले, त्यात चारची खोट भरली, तीन लिटर नफा. पुतणीनं कागदावर मांडून मला दाखवलं. मी म्हटलं, उद्यापासून हात आवरतो.

दुसऱ्या दिवशी शिवणाऱ्या बाईंच्या पातेल्यात माप ओतलं आणि थांबलो. त्यांनी पातेलं मागे घेतलं नाही. मीही हललो नाही. मग त्यांनी हळूच विचारलं, बरं नाही का तुम्हाला? गुरुजींनी विचारलं, गाईंना रोग वगैरे आला आहे का? पोस्टमनच्या आईनं पातेल्यात वाकून बघितलं, मग माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि घरात जाऊन मला एक खुर्ची आणून दिली. दहाव्या दारापर्यंत बातमी माझ्या पुढे पोहोचली होती, की गोठा बुडाला. अकराव्या दारी मी परत वर घालायला लागलो, आणि मागची दहा दारं परत फिरून भरपाई करून आलो. त्या दिवशी टेम्पो आणखी अर्धा लिटर प्यायला.

तारीख होती पंचवीस. पुतणी कपाळावर हात मारून म्हणाली, हात आखडता येत नसेल तर भाव तरी वाढवा. चार वर्षं मी हेच सांगते आहे, आणि चार वर्षं तुम्ही म्हणता, लोक तुटतील.

ते खरं होतं. भाव वाढवायचं तिनं दर वर्षी काढलं आणि दर वर्षी मीच मोडता घातला. दारात उभं मला राहावं लागतं, तिला नाही. शंभराला पाच वाढवले तर घरांच्या एकशे दहा लिटरवर साडेपाच लिटर सुटतात, हे तिचं गणित बरोबर होतं. बाईंना मी विचारलं, भाव वाढवायचं ठरवलं आहे, एवढं लिहिलंत तर चालेल का? त्या म्हणाल्या, नाही. मी झालेलं लिहिते, होणारं लिहीत नाही. तीस तारखेच्या आत लोकांनी हो म्हटलं आणि पैसे दिले, तर ते झालेलं.

म्हणजे पाच दिवस, आणि चौऱ्याऐंशी दारं. आणि बोलणार मी, ज्याला स्वतःच्या चहात साखर कमी पडली तर सांगायची लाज वाटते.

रात्रभर जागलो नाही, झोपलो छान, आणि पहाटे नेहमीसारखा टेम्पो काढला. शिवणाऱ्या बाईंच्या दारात पातेलं पुढे आलं. मी माप बुडवलंच नाही. जे आहे ते सांगून टाकलं. की गोठ्याचा हिशेब झाला, की माझ्या हातानं सात लिटर जातात, की खोट आहे, की तीस तारखेला पोरीचा गोठा राहील की जाईल ते ठरणार. मग म्हटलं, तुम्ही सांगा. भाव तोच ठेवून नुसतं माप घालू, की भाव शंभराला पाच वाढवून वर घालत राहू? आज सांगितलंत तर आजपासून.

त्या सुईत दोरा घालताना करतात तसा डोळा बारीक करून माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, झालं, पहिलंच गिऱ्हाईक तुटलं.

"भाव वाढवा," त्या म्हणाल्या. "पण चार वर्षं का थांबलात? मी शिलाई दर वर्षी वाढवते आणि तुमच्याकडून जुन्या भावानं दूध घेते. मलाच दारात यायची लाज वाटायला लागली होती."

तिथून पुढे माझी जीभ सुटली. गुरुजींनी पाटीवर मांडल्यासारखा हिशेब करून मला सांगितलं, की वरचं दूध आणि वाढीव भाव जवळजवळ सारखेच पडतात, तेव्हा यात कुणाचंच फारसं जात नाही. मी म्हटलं, गुरुजी, मग ठरवा. ते म्हणाले, वरचं असू दे, चहाला तेच लागतं. पोस्टमनच्या आईला मी तीनदा ओरडून सांगितलं, चौथ्यांदा शेजारच्यांनी सांगितलं. ती म्हणाली, एवढंच? मला वाटलं कुणी गेलं. एका सुताराच्या घरी नवरा-बायकोचं माझ्यासमोरच भांडण झालं, तो म्हणे नुसतं माप, ती म्हणे वरचं. शेवटी तिनं त्याला विचारलं, की मोजून मापून चहा प्यायचाय का आजपासून? मग तोही वरचंच म्हणाला. दोन घरं तुटली. एकानं सांगितलं की मी पिशवीतलं स्वस्त दूध आणीन, दुसऱ्यानं कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पाच जणांनी जुना भाव आणि नुसतं माप निवडलं. त्यांच्या दारात माझा हात अजून अडखळतो. बाकीच्या सत्त्याहत्तर घरांनी भाव वाढवून घेतला आणि पैसे मोजून दिले. तुटलेल्या घरांचं दूध बेकरीवाल्यानं घेतलं, वर म्हणाला, कधीपासून मागत होतो.

तीस तारखेला पुतण्या आला. कॅन धुवायच्या खोलीत टेबलाशी बसला, शेजारी पुतणी, समोर बाई. मी दारात. शिट्टी कामाचं निमित्त काढून उगाच टाकीपाशी घुटमळत होता. पुतण्यानं अहवाल पहिल्या पानापासून वाचला, पुलाचा नकाशा वाचतात तसा, प्रत्येक ओळीवर पेन्सिल टेकवत. पुतणीच्या पगारापाशी पेन्सिल बराच वेळ थांबली. मग शेवटचं पान. सगळा खर्च, सगळे पगार, पांढरीची पेन्शन, माझी रीत, सगळं धरून उरतं दिवसाला दीड लिटर.

"हा उभा आहे का?" त्यानं बाईंना विचारलं.

"उभा आहे," बाई म्हणाल्या. "पळत नाही. पण कुणाच्या पाठीवर बसलेला नाही."

तो ताईकडे वळला. तिच्या दोन्ही हातांच्या मुठी टेबलाखाली होत्या, मला दारातून दिसत होत्या.

"ताई, तुला पगार घ्यावा लागेल दर महिन्याला. शिल्लक राहिल्यावर नाही, आधी."

"घेईन."

"आणि तपासणी दर वर्षी."

"दर वर्षी."

"मग विषय संपला," तो म्हणाला आणि पेन्सिल खिशाला लावली. मग जरा वेळानं, धाकट्या भावाच्या जुन्या खोडीनं, विचारलं, "म्हणजे माझ्या वाट्याला नफ्यातले पाऊण लिटर येतात. ते कुठे आहेत?"

पुतणी उठली, टाकीची तोटी सोडली, मोजून पाऊण लिटर एका तांब्यात घेतलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं ते उभ्यानंच, न थांबता, घटाघटा प्यायलं. शहरात गेल्यापासून त्यानं कच्चं दूध प्यायलं नसावं. मिशीवरचा फेस मनगटानं पुसून तो म्हणाला, "नफा पोचला."

"हा आजचा झाला," पुतणी म्हणाली. ती हसत होती आणि डोळेही पुसत होती. "उद्याचा उद्या येऊन न्यायचा. चार वाजता, धारेच्या वेळेला."